कारखाना बंद पडला, शहर वाढतच राहिलं

२००७ मध्ये बजाज ऑटोने पिंपरी-चिंचवडमधल्या आकुर्डीच्या कारखान्यात दुचाकी बनवणं थांबवलं. ज्या चेतक स्कूटरसाठी लोकांनी एकेकाळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, ती इथलीच. उत्पादन चाकणला आणि करसवलतींच्या उत्तराखंडात, पंतनगरला सरकलं. आकुर्डीच्या कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज आले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरणगावाचं काय झालं, हे पाहिलेल्या कुणालाही वाटलं असतं की पिंपरी-चिंचवडला आता उतरती कळा लागणार.

चार वर्षांनी जनगणना झाली. २००१ मध्ये जिथे सुमारे १० लाख १० हजार माणसं होती, तिथे २०११ मध्ये ती १७ लाख २८ हजारांच्या आसपास निघाली. दहा वर्षांत सत्तर टक्क्यांहून जास्त वाढ, म्हणजे दिवसाला जवळजवळ दोनशे माणसं. ही कुठून आली, आणि कारखाने बंद पडत असताना त्यांना कामं कुणी दिली?

आधी साधी बेरीज-वजाबाकी

कुठल्याही गावाची लोकसंख्या तीनच कारणांनी बदलते. जन्म आणि मृत्यू यांच्यातला फरक, येणारे आणि जाणारे यांच्यातला फरक, आणि तिसरं कारण म्हणजे गावाची हद्दच बदलणं. तिसऱ्याकडे नंतर येऊ, कारण तेच सर्वांत जास्त फसवतं.

२०११ च्या सुमारास महाराष्ट्रात दर हजार माणसांमागे वर्षाला सोळा-सतरा जन्म आणि सहा-सात मृत्यू होत होते. हाच वेग धरला तर १० लाखांच्या शहरात दहा वर्षांत एक लाखाच्या आसपास भर पडायला हवी. प्रत्यक्षात पडली सात लाखांवर. उरलेले सहा लाख बाहेरून आले, किंवा बाहेरून आलेल्यांच्या घरी जन्मले.

हा शेवटचा तुकडा महत्त्वाचा आहे. कामासाठी घर सोडणारा माणूस बहुधा वीस ते तीस वर्षांचा असतो. अशा वयाची माणसं ज्या शहरात गोळा होतात तिथे लग्नं होतात, पाळणे हलतात आणि मृत्यू कमी होतात, कारण म्हातारी माणसं मागे गावाकडे राहिलेली असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं होती. लोकसंख्या पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहायला २.१ च्या आसपास लागतात. म्हणजे राज्याचा पाळणा मंदावला आहे. तरी तरुणांच्या शहरात प्रसूतिगृहं भरलेली दिसतात. गावाकडे त्याच वेळी शाळेची पटसंख्या घसरत जाते. दोन्ही बातम्या एकाच घटनेच्या आहेत, फक्त वेगळ्या पानांवर छापल्या जातात.

शहराची मनीऑर्डर

आता कामांकडे. कोकणातलं एखादं गाव जुन्या काळी कशावर चालायचं? भात सहा महिने पुरायचं, पुढचे सहा महिने मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर. गिरणीतल्या मुलाने पाठवलेल्या पैशांतून म्हातारी वाण्याची उधारी भागवायची, वाणी शिंप्याला द्यायचा, शिंपी गवंड्याला. गावातल्या वाण्याचं, शिंप्याचं, गवंड्याचं काम त्या एका मनीऑर्डरवर उभं असे. ती थांबली की वाण्याच्या वहीपासून सगळं अडायचं.

मोठं शहरही असंच चालतं. शहरातल्या कामांचे दोन प्रकार पाडून पाहा. काही कामं अशी, की त्यांचा माल शहराबाहेर विकला जातो आणि पैसा बाहेरून येतो. चाकणमध्ये बनलेली मोटारसायकल बिहारमध्ये विकली जाते, हिंजवडीत लिहिलेला सॉफ्टवेअरचा तुकडा अमेरिकेतली बँक वापरते. या कामांना आपण कमावती कामं म्हणू. दुसरी कामं शहरातल्या माणसांनी शहरातल्याच माणसांसाठी केलेली: रिक्षा, शाळा, दवाखाना, खानावळ, सोसायटीचा वॉचमन, केशकर्तनालय, वकील. यांना पुरवती कामं म्हणू. पुरवत्या कामांची संख्या नेहमीच जास्त असते, पण त्यांचा पगार शेवटी कमावत्या कामांतून झिरपलेला असतो.

एका कमावत्या कामामागे किती पुरवती कामं उभी राहतात? अमेरिकेतल्या शहरांचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ एनरिको मोरेत्ती यांनी २०१२ च्या त्यांच्या ‘द न्यू जिऑग्राफी ऑफ जॉब्ज’ या पुस्तकात म्हटलं, की उच्च तंत्रज्ञानातल्या एका नोकरीमागे दीर्घकाळात त्याच शहरात इतर पाच तयार होतात. साध्या कारखान्यातल्या नोकरीमागे त्याहून बऱ्याच कमी. फरकाचं कारण पगार. ज्याच्या हातात जास्त उरतं तो जास्त खर्च करतो, आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग घरकाम, जेवण, प्रवास, शिकवण्या अशा जिथल्या तिथेच मिळणाऱ्या गोष्टींवर होतो. हा आकडा आहे तसा उचलून पुण्याला लावू नये. तिथले पगार वेगळे, इथे घरकामाची मजुरी वेगळी. पण साखळी तीच आहे. वाकडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी सातला थांबलं तर ती डोळ्यांनी दिसते: इंजिनिअर बाहेर पडायच्या आत पोळ्यावाल्या मावशी, गाडी पुसणारा, दूधवाला, वर्तमानपत्रवाला, स्कूलव्हॅनवाला असे सगळे आत गेलेले असतात.

आकुर्डीचं कोडं इथे अर्धं सुटतं. एक कमावता कारखाना गेला, पण त्याच दशकात त्याच परिसरात चाकणच्या गाड्या आणि हिंजवडीचं सॉफ्टवेअर या दोन नव्या मनीऑर्डरी सुरू झाल्या होत्या. पुरवत्या कामांना पैसा नेमका कुठल्या फाटकातून येतो याच्याशी देणंघेणं नसतं. ज्याची नोकरी गेली त्याला मात्र असतं. पन्नाशीच्या फिटरला हिंजवडीत कुणी बोलावत नाही. शहराचा आलेख चढत असतो आणि त्याच वेळी एखाद्या गल्लीत चूल बारीक होत असते. सरासरीत ती गल्ली दिसत नाही.

सगळे एकाच ठिकाणी का येतात

जमीन महाग, रस्ते तुंबलेले, पाण्याची ओरड, तरी नवी कंपनी पुन्हा पुण्याजवळच जागा का शोधते? स्वस्त जमिनीचे तालुके महाराष्ट्रात कमी नाहीत.

अल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्येच याची तीन कारणं सांगितली होती. एकाच धंद्याचे लोक जवळ जमले की कुशल कामगार हाताशी मिळतो, माल पुरवणारे शेजारी येतात, आणि कामातल्या खुब्या एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप पोहोचतात. पिंपरी-चिंचवडचा इतिहास या तीन कारणांच्या क्रमानेच सांगता येतो.

खडकीचा दारूगोळा कारखाना एकोणिसाव्या शतकातला. लेथवर उभा राहणारा, मोजमाप कळणारा माणूस पुण्याला तेव्हापासून ठाऊक होता. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना उभारला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, आलं. मुंबईतली उद्योगांची दाटी बाहेर काढायची असं सरकारी धोरण होतं, आणि मुंबई-पुणे रस्ता, रेल्वे आणि पवनेचं पाणी तिन्ही एकत्र मिळत होती. त्याच सुमारास टेल्को आणि बजाज या गाड्या बनवणाऱ्या कंपन्या आल्या. त्यांना नट, सीट, गिअर, रबरी भाग पुरवणारी शेकडो छोटी युनिटं भोसरीत उघडली. त्यांतली बरीच अशा कामगारांनी काढलेली होती, जे आधी मोठ्या कंपनीत शिकले होते.

पुढे फोक्सवॅगनने २००९ मध्ये चाकणला कारखाना सुरू केला, मर्सिडीजही तिथे गेली. त्यांनी फक्त जमीन पाहिली नाही. जॉबवर्क करणारे व्हेंडर तासाभराच्या अंतरावर होते. गाडीच्या कारखान्यात आता महिन्याचा साठा कुणी ठेवत नाही. लागेल तसा माल काही तासांत पोहोचावा लागतो. लांबच्या स्वस्त जमिनीत वाचलेला पैसा ट्रकच्या एका उशिरात जातो. कामगाराचा हिशेबही तसाच असतो. एक कंपनी सुटली तर दुसरी बसच्या त्याच मार्गावर मिळते, म्हणून तो चाकणला यायला तयार होतो; एकच कारखाना असलेल्या गावात खोली घ्यायला दचकतो.

म्हणून वाढ वाढीला ओढते. मागास भागात कारखाने न्यावेत म्हणून दिलेल्या सवलती अनेकदा अपुऱ्या पडतात त्या इथेच. करसवलत एका कारखान्याला मिळते, शेजार मिळत नाही. पंतनगरसारखी उदाहरणं आहेत, पण तिथेही व्हेंडरना सोबत न्यावं लागलं.

आधी माणूस की आधी काम?

पिंपरीत आधी कारखाने आले, मग जळगाव, लातूर, बीड, सोलापूर आणि विदर्भातून माणसं आली. एक मुलगा आयटीआय करून येतो, कॉट बेसिसवर खोली घेतो, वर्षभरात धाकट्या भावाला बोलावतो, मग मावसभावाला. चिंचवड-निगडी पट्ट्यात खान्देशातल्या माणसांची इतकी वस्ती का, याचं उत्तर कुठल्याही धोरणात सापडणार नाही. ते या बोलावण्यांत आहे.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत क्रम उलटा झाला. पुण्यात १८५४ पासून अभियांत्रिकीचं शिक्षण होतं, पण जागा मोजक्या. १९८३ मध्ये महाराष्ट्राने विनाअनुदान खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि राज्यभरातली मुलं पुण्यात शिकायला येऊ लागली. तेव्हा त्या धोरणावर सडकून टीका झाली, आणि तिच्यातली काही रास्तही होती. पण नव्वदीत उदारीकरणानंतर सॉफ्टवेअर कंपन्या जागा शोधू लागल्या, तेव्हा त्यांना हवी असलेली माणसं वसतिगृहांत आधीच राहत होती. पेन्शनरांचं शहर म्हणून ओळखलं जाणारं पुणं संगणकाचं शहर झालं, त्यात कुणाच्या दूरदृष्टीपेक्षा योगायोगाचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं.

नोकरी एका गावात, घर दुसऱ्या गावात

इथपर्यंत सगळं गोड वाटतं. अडचण तेव्हा सुरू होते, जेव्हा आपण नकाशा काढतो.

कमावतं काम एका मोठ्या भूखंडावर उतरतं, कारण कंपनीला सलग जागा लागते आणि एमआयडीसी ती संपादित करून देते. माणसांना मात्र सलग जागा कुणी देत नाही. कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या मुलाला परवडेल असं घर कोण बांधतं? बहुतेक वेळा शेजारच्या गावातला शेतकरी. त्याच्याकडे दोन एकर आहेत, शेतात फारसं उरत नाही, आणि गुंठ्याचा भाव दरवर्षी चढतो. एकराचे चाळीस गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एका छोट्या घरापुरता. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने जमिनीचे इतके बारीक तुकडे विकायला मनाई केली. तरी व्यवहार स्टँप पेपरवर होतात, पत्रे टाकून खोल्या उभ्या राहतात, वीज येते, मतदार यादीत नावं येतात. २००१ मध्ये सरकारला गुंठेवारी नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे स्वस्त घरांची योजना प्रत्यक्षात शेतकऱ्याने राबवली, शासनाने नंतर सही केली.

त्या वस्तीला रस्ता ठेवलेला नसतो, कारण रस्त्याला ठेवलेला गुंठा विकता येत नाही. सांडपाण्याची वाहिनी नंतर टाकायची तर घरं पाडावी लागतात. दहा वर्षांनी ते गाव महापालिकेत येतं, आणि तेव्हा या शिल्लक राहिलेल्या कामांचं बिल सगळ्या शहराला येतं.

हिंजवडी ही याच गोष्टीची श्रीमंत आवृत्ती. राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीच्या जमिनीवर उभं राहिलं. आजूबाजूच्या हिंजवडी, माण, मारुंजी या गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडे. काम करणारे कोथरूडहून, हडपसरहून, वाघोलीहून येणार. पार्कमधले रस्ते एका यंत्रणेचे, गावातले दुसरीचे, तिथवर आणणारा हमरस्ता तिसरीचा. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, २०१५ मध्ये स्थापन झालं. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. तोवर आयटी पार्क मतदानाच्या वयाचं व्हायला आलं होतं.

अपवाद आहे मगरपट्ट्याचा. २००० च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांनी चारशेहून अधिक एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली, कंपनी काढली, आणि घरं आणि कार्यालयं एकाच आराखड्यात बसवली. त्याची वाहवा खूप झाली, नक्कल फार कमी झाली. एका भाऊबंदकीतल्या शेतकऱ्यांचं एकमत होणं ही काही रोज घडणारी गोष्ट नाही.

---

चौकट : ‘पुणं’ म्हणजे नेमकं किती? (जनगणना २०११)

पुणे महापालिकेची तेव्हाची हद्द : सुमारे ३१ लाख २४ हजार

पिंपरी-चिंचवड महापालिका : सुमारे १७ लाख २८ हजार

दोन्ही महापालिका, कॅन्टोन्मेंट आणि लगतची वस्ती मिळून नागरी समूह : सुमारे ५० लाख ५० हजार

पुणे जिल्हा : सुमारे ९४ लाख २९ हजार

बातमीत ‘पुण्याची लोकसंख्या’ असं वाचलं की यांतलं कुठलं पुणं, हे आधी शोधावं.

---

नोकऱ्या मोजणारी फूटपट्टी कुठून आणणार?

माणसं निदान दहा वर्षांनी मोजायची ठरलेली असतात. नोकऱ्यांचं तेवढंही नशीब नाही. श्रमबलाची राष्ट्रीय पाहणी २०१७ पासून नियमित होते, पण ती नमुन्यावर चालते. राज्याचं चित्र बरं उमटतं, एका शहराचं धूसर. दुसरा आकडा भविष्य निर्वाह निधीचा. २०१८ पासून नव्या पीएफ खात्यांची संख्या दर महिन्याला जाहीर होते आणि तिच्यावर मथळे रंगतात. त्यात एक गंमत आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. भोसरीतल्या एकोणीस कामगारांच्या वर्कशॉपने विसावा कामगार घेतला, की एका नेमणुकीमुळे कागदावर वीस खाती उगवू शकतात. उलट कामगार चाकणमध्ये घाम गाळत असतो आणि त्याचं खातं कंत्राटदाराच्या दुसऱ्या शहरातल्या कार्यालयात असतं. पोळ्यावाल्या मावशी आणि भाजीवाला तर या हिशेबात कधीच येत नाहीत, आणि आपण वर पाहिलं की शहरातली बहुसंख्य कामं त्यांच्याच जातीची आहेत.

म्हणून ‘अमुक लाख रोजगार येणार’ अशी सामंजस्य कराराची बातमी आली की मी तीन गोष्टी पाहतो: काम कंपनीच्या पटावर की कंत्राटावर, त्यात कमावतं किती आणि पुरवतं किती, आणि ती माणसं राहणार कुठे. तिसऱ्याचं उत्तर करारात नसतं.

वाढीला लगाम कशाने लागतो

भाडं, पाणी आणि प्रवासाचा वेळ या तिघांनी. पण लगाम लागला म्हणजे वाढ थांबते असं नाही, ती बाजूला सरकते. मुंबई याबाबतीत पुण्याच्या दोन पिढ्या पुढे आहे. २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव पट्ट्याची, लोकसंख्या सुमारे ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. त्याच काळात ठाणे जिल्हा छत्तीस टक्क्यांनी वाढला. फोर्ट आणि लोअर परळमधली कामं कुठे गेली नव्हती. तिथे झोपणारी माणसं कल्याण-वसईला गेली आणि रोज लोकलने परत येत राहिली. मध्यात कार्यालयं, कडेला घरं, आणि दोहोंना जोडणारी गर्दी.

मुंबईला निदान लोकल आधी होती, वस्ती नंतर रुळांच्या कडेने वाढली. पुण्यात वस्ती आधी झाली, मेट्रो २०२२ मध्ये धावू लागली. मधली तीन दशकं दुचाकीने ओढली. ज्या शहरांनी देशाला स्कूटर पुरवली त्यांनाच ती सर्वांत जास्त लागावी, हा न्याय म्हणा किंवा सूड.

२०२७ चे आकडे वाचताना

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून ती होते आहे. आकडे येतील तेव्हा पुणे महापालिकेची लोकसंख्या किती फुगली यावर रकाने भरतील. त्या फुगवट्यात सुरुवातीला बाजूला ठेवलेलं तिसरं कारण लपलेलं असेल. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत घेतली गेली आणि तिची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पलीकडे, बृहन्मुंबईहूनही मोठी झाली. त्या गावांतले लोक कुठूनही आले नाहीत. ते आपल्या ओसरीवर बसलेले असताना शहर त्यांच्याकडे आलं. उलट फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं नंतर महापालिकेतून बाहेर पडली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. तिथली माणसं शहरात धरली गेली आणि पुन्हा वगळलीही गेली, जरी एकही घर हललेलं नसलं.

शिवाय काही गावं हद्दीला हात न लावता शहरी ठरतील. लोकसंख्या किमान ५,०००, काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर, आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं असली, की कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी जनगणना त्या गावाला शहरांत मोजते. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ शहरं होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. चाकण-तळेगाव-शिरूर पट्ट्यात या यादीत बरीच भर पडलेली दिसेल असा माझा अंदाज आहे.

तेव्हा महापालिकेचा आकडा बाजूला ठेवून आधी जिल्ह्याचा पाहावा, कारण जिल्ह्याची हद्द तीच आहे. २००१ मध्ये ७२ लाख ३२ हजार, २०११ मध्ये ९४ लाख २९ हजार; तिसरा आकडा त्यांच्या पुढे लिहायचा. मग हवेली, मुळशी, खेड, मावळ आणि शिरूर या पाच तालुक्यांचे आकडे काढायचे आणि त्यांच्याशेजारी राजगड (पूर्वीचं वेल्हे), भोर, पुरंदरचे ठेवायचे. कामं कुठे उतरली आणि माणसं कुठून उठली, हे त्या आठ ओळींत बहुतेक दिसेल.